केशरी निघालं तर

"आई, आत येऊ नकोस. दारातूनच बघ."

मी दारातूनच बघत होते. आत जायची मला हौस नव्हती.

अवधूत गुडघे टेकून बसला होता. समोरच्या खोक्यात ओलं शेवाळ भरलेलं आणि त्यात त्याची सापाची मादी पडलेली, धुऊन पिळलेल्या फडक्यासारखी. तिच्या वेटोळ्याच्या आत लांबट पांढरी अंडी होती, एकमेकांना चिकटून बसलेली. त्याने तिला दोन्ही हातांनी अलगद उचललं, दुसऱ्या पेटीत ठेवलं, पाण्याची वाटी तिच्या तोंडाजवळ सरकवली. मग खिशातून शिसपेन्सिल काढून एकेका अंड्याच्या माथ्यावर बारीक ठिपका द्यायला लागला.

"ते कशाला?"

"वरची बाजू कळावी म्हणून. सापाचं अंडं एकदा घातलं की त्याची कूस बदलायची नाही. उलटं झालं तर आतलं पिल्लू जातं."

"कोंबडी तर सारखी फिरवत असते."

"तुला काय गं माहीत कोंबडीचं? आपल्या घरात अंड्याचं नाव काढलं तरी तू चूळ भरायचीस."

"घरात नाही आलं म्हणून काय, शेजारी डोळे मिटून जात होते का मी?"

तो हसला. मी कुन्नूरला आले त्याला महिना होऊन गेला होता आणि तो माझ्या बोलण्यावर हसला असं पहिल्यांदाच झालं. मला वाटलं, आता विचारावं.

माझा मुलगा तिथल्या एका चहाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळायचा. डोंगरउतारावर कारखान्याची लहान बंगली, पुढे चहाचे मळे, आणि दुपारी दोन वाजल्यापासून धुकं. लग्न केलेलं नव्हतं. कामावरून आला की मागच्या खोलीत जायचा. त्या खोलीत त्याचे साप होते. मक्याचे साप म्हणतात त्यांना. मूळची अमेरिकेतली जात, तिकडे मक्याच्या कोठारात उंदरांमागे येतात म्हणून ते नाव, असं त्याने सांगितलं. विष नाही, अंगावर धावून येणं नाही. सरकारात रीतसर नोंदवून, हौस म्हणून पाळतात. मनगटाला गुंडाळून बसले की सोन्याच्या गोठासारखे दिसायचे. ओसरीवर एक छोटा फ्रीज होता, त्याला कुलूप.

"यात काय?" मी आल्या दिवशी विचारलं होतं.

"त्यांचं जेवण. आई, तू विचारू नकोस, मी सांगणार नाही. तुझा दह्यादुधाचा फ्रीज आत आहे, त्याला मी हात धुतल्याशिवाय शिवत नाही."

ते त्याने शेवटपर्यंत पाळलं. माझी पूजा चाललेली असली की अनवाणी फिरायचा. माझ्या देवांच्या डब्यासाठी त्याने खिडकीत फळी मारून दिली. सगळं केलं. पण आम्ही बोलत होतो ते पाणी तापलं का, जेवायला वाढू का, इतकंच.

मी गेले होते एका कामासाठी. माझे यजमान जाऊन वर्ष होत आलं होतं. भाद्रपद शुद्ध द्वादशीला वर्षश्राद्ध होतं. अग्नी दीरांच्या मुलाने, दिगंबरने दिला होता. अवधूत आला नव्हता. पावसाने घाटातला रस्ता तुटलाय असं फोनवर म्हणाला. खरंच तुटला असेल. पण रस्ता दुरुस्त झाल्यावरही तो आला नाही. दर महिन्याचं मासिक दिगंबरच करत होता, आणि प्रत्येक वेळी गुरुजी माझ्याकडे बघून काही न बोलता पुढे सुरू करायचे. वर्षश्राद्ध तरी मुलाने करावं एवढंच मला हवं होतं.

मी एक गोष्ट दोनदा मागत नाही. देवाकडेसुद्धा नाही. म्हणून महिनाभर वेळ बघत होते.

"अवधूत, द्वादशीला येशील ना रे? बाबांच्या."

त्याचा पेन्सिलीचा हात थांबला नाही. शेवटच्या अंड्यावर ठिपका देऊन त्याने तो सगळा घोस तसाच्या तसा उचलला, ओलसर भुशासारख्या कशात तरी अर्धा रुतवला आणि डब्याला झाकण लावलं.

"यातून एक जरी केशरी पिल्लू निघालं," तो म्हणाला, "तर येतो."

"केशरी म्हणजे?"

"अंगावर काळ्याचा थेंब नाही असं. नुसतं केशरी. निघालं तर येतो, शब्द दिला."

तो उठला आणि हात धुवायला गेला.

मला काय वाटलं ते सांगते. आमच्या कुलदैवताला कौल लावतात. देवाच्या अंगाला दोन बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि बसून राहायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. माणसाच्या मनात दोन्ही बाजू सारख्या झाल्या, त्याला स्वतःला ठरवता येईना, की कौल लावायचा. मला वाटलं, माझ्या मुलाने कौल लावला. देव न मानणाऱ्या माझ्या मुलाने बाबांकडे यावं की न यावं हे देवावर सोडलं. मला इतका आनंद झाला की मी खिडकीतल्या फळीपुढे बसून राहिले, उठवेना.

दुसऱ्या दिवसापासून मी अळणी सुरू केलं. पिल्लं बाहेर येईपर्यंत मीठ नाही आणि जेवण एकदाच. अवधूतने पानात मीठ नाही हे बघितलं.

"हे कसलं आता?"

"माझं असतं काहीतरी."

"चातुर्मास अजून लागला नाही."

"तुला चातुर्मास कधी लागतो ते माहीत आहे, एवढं पुष्कळ झालं."

त्याने पुढे विचारलं नाही. तो विचारत नसे आणि मी सांगत नसे.

तो डबा त्याने थर्मोकोलच्या मोठ्या पेटीत ठेवला होता. आत एक तार तापत राहायची आणि बाहेर काट्यावर आतली ऊब दिसायची. त्या थंड गावात अंड्यांना कोकणातल्यासारखी हवा लागत होती. त्याची सकाळची पाळी असायची, मग काट्याकडे बघायचं काम माझ्याकडे आलं. स्नान, पूजा, जप झाला की मी त्या खोलीच्या दारात जायची. नंतर दारातून आत जायला लागले. एकदा आषाढात दुपारी वीज गेली ती आलीच नाही. मी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पेटीच्या कडेने लावत राहिले. पाणी निवायचं, पुन्हा तापवायचं. धुणंभांडं करणारी सेल्वी दारात उभी राहून कपाळावर हात मारत होती. तिला मराठी येत नव्हतं, मला तमिळ. तिने आपल्या पोटाकडे बोट केलं, मग पेटीकडे, मग माझ्याकडे, आणि तोंडाला पदर लावून हसली. ही म्हातारी बाळंतपण करायला आली आहे, असं तिला म्हणायचं होतं. मीही हसले. त्या दिवसभरात मी एवढंच बोलले म्हणायचं.

संध्याकाळी अवधूतला बाटल्या दिसल्या. त्याने एकेक हातात घेऊन बघितली.

"कोणी सांगितलं तुला?"

"बाळाला शेकतात तसं केलं."

त्या रात्री जेवताना तो माझ्याशी भरभरून बोलला. मी फक्त विचारलं होतं, "केशरी कशामुळे होतं रे?" त्याच्या आवडीचं कोणी विचारलं नव्हतं बहुधा कधी. उठून स्वयंपाकघरात गेला, उडदाचा डबा आणि चवळीचा डबा घेऊन आला आणि ताट बाजूला सारून माझ्यापुढे दाणे मांडायला लागला.

"हे बघ. प्रत्येक सापाकडे या रंगाचे दोन दाणे असतात असं धर. एक आईचा, एक बापाचा. उडीद म्हणजे अंगात काळा रंग तयार होणार. चवळी म्हणजे नाही होणार."

"दोन्ही चवळ्या आल्या तर?"

"तर काळं अजिबात नाही. केशरी साप. डोळेसुद्धा लाल असतात त्याचे."

"आणि एक उडीद, एक चवळी?"

"उडदाचं चालतं. दिसायला साधा साप, करड्या-तांबूस अंगावर काळ्या कडांचे पट्टे. पण चवळी असते त्याच्यात. दिसत नाही, पण पुढच्या पिढीला देता येते." त्याने एक उडीद आणि एक चवळी शेजारी ठेवली. "ही आपली मादी. हिची आई केशरी होती, मीच वाढवली. म्हणजे आईकडून चवळीच आली असणार, दुसरं काही तिच्याजवळ नव्हतंच द्यायला."

"खरंच की. आणि नर?"

"नर शुद्ध." त्याने दोन उडीद ठेवले. "मंगळूरच्या एका माणसाकडून आणला. तीन पिढ्यांत त्याच्याकडे केशरी नाही." तो बोलता बोलता थांबला. दाण्यांकडे बघत राहिला. मग तळहाताने चारही दाणे एकत्र केले आणि डब्यात टाकले, उडीद चवळीच्या डब्यात. "पुढचं अवघड आहे. नंतर सांगतो."

"चवळीत उडीद टाकलेस."

"राहू दे, काढेन मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी मीच ते काढायला बसले. धुकं खिडकीला लागलं होतं. चवळी ताटात पसरली, उडीद वेगळे केले, आणि हाताला चाळा म्हणून ते पुन्हा मांडले. एकीकडे मादी, एक काळा एक पांढरा. एकीकडे नर, दोन काळे. पिल्लू दोघांकडून एकेक घेतं. मी मादीकडचा उडीद उचलला आणि नराकडचा एक. साधं. परत ठेवले. मादीकडची चवळी उचलली आणि नराकडचा एक उडीद. तेही साधं. नराकडचा दुसरा घेऊन बघितला. तोही उडीदच. दुसरं काही त्याच्याजवळ नव्हतंच द्यायला.

अवघड काहीच नव्हतं. चौथीतल्या पोरालाही आलं असतं.

केशरी निघणारच नव्हतं. आणि हे त्याला शब्द देताना माहीत होतं.

मी दाणे भरून ठेवले. संध्याकाळचा दिवा लावला. त्याने कौल लावला नव्हता. त्याने नाही म्हटलं होतं. माझ्या तोंडावर नाही म्हणवेना म्हणून असं म्हटलं होतं की दोन महिने मला ते हो वाटत राहावं, आणि मग कोणी नाही न म्हणताच ते नाही व्हावं. त्यातही माझी काळजीच होती त्याला. मला रडू आलं नाही. फक्त जप करताना मणी कुठवर आला ते समजेना, पुन्हा मेरूपासून सुरू केलं, पुन्हा तसंच झालं.

अळणी मी सोडलं नाही. सोडलं असतं तर का सोडलं हे त्याला सांगावं लागलं असतं.

श्रावण लागला. नागपंचमीला मी पाटावर गंधाने नाग काढला, लाह्या आणि दूध ठेवलं. त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून दिंडं उकडली होती. अवधूतला सुट्टी होती. तो दाराच्या चौकटीला टेकून बघत होता.

"मागच्या खोलीत खरे बसलेत आणि तू चित्राची पूजा करतेस."

"ते साप आहेत रे. हा देव आहे."

"साप दूध पीत नाही, आई."

"नैवेद्य दाखवायचा असतो. पितंय कोण? तूच पिणार आहेस थोड्या वेळाने, साखर घालून."

तो हसला. मग हसू गेलं. खाली बसला, पाटापासून जरा लांब.

"बाबा पण करायचे पूजा," तो म्हणाला. "पाटावरच्या नागाला दूध. पिंपातल्या धामणीला काठी."

मी गंधाची वाटी खाली ठेवली.

तो कॉलेजात होता तेव्हाची गोष्ट. कृष्णेला पूर आला होता आणि आमच्या कुरुंदवाडच्या घरात मागीलदारी धामण शिरली होती. अवधूतने ती पकडून रिकाम्या पिंपात ठेवली, वर जाळी बांधली. पाणी उतरलं की सोडणार होता. मी चार दिवस माहेरी अडकले होते, नावा बंद होत्या. तो परीक्षेचं काही विचारायला गावातल्या कॉलेजात गेला आणि यांनी आळीतल्या दोघांना बोलावलं. परत आला तेव्हा ती अंगणात पडली होती. यांनी त्याला सांगितलं, घरात देव आहेत, घरात माणसं आहेत. पुढच्या वर्षी त्याने नोकरी धरली ती इतक्या लांब.

"विषारी नव्हती गं ती," अवधूत म्हणाला. "मी त्यांना सांगून गेलो होतो. हो म्हणाले होते ते. मी जाईपर्यंत हो म्हणाले."

हे मला माहीत नव्हतं. यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी पाटाकडे बघत राहिले. बोलण्यासारखं एकच होतं, की ते घाबरले असतील. ते खरं होतं, पण ते मी म्हणायचं नव्हतं.

"दिंडं गार होतील," मी म्हटलं.

आम्ही जेवलो. त्याने दोनदा तूप मागून घेतलं.

त्यानंतर आठवड्याभरात, एका सकाळी पूजा आटोपून मी पेटीकडे गेले, तर डब्यात बदल दिसला. तो कामावर गेलेला. एका अंड्याला ब्लेडने मारावी तशी चीर पडली होती आणि चिरेतून बोटाच्या पेराएवढं तोंड बाहेर आलं होतं. करडं, काळी टिकली असलेलं. हलत नव्हतं. मग जीभ लवली. शेजारच्या अंड्यालाही चीर होती, तिथेही तसंच काळपट तोंड. त्याने मला सांगून ठेवलं होतं, हात लावायचा नाही, ओढायचं नाही, ती डोकं काढून तशीच बसतात, आपल्या वेळेला येतात. मी हात जोडले. मनात काही मागितलं नाही. व्रत पुरं झालं, सगळी जिवंत येऊ देत, इतकंच.

मग कडेच्या अंड्याकडे लक्ष गेलं.

त्याची चीर लहान होती. आतून जे नाक आलं होतं ते गुलाबी होतं. मला वाटलं उजेडामुळे दिसतंय. मी खिडकीचा पडदा सारला. ते थोडं पुढे आलं. कपाळावर शेंदरी ठिपका, काळ्याची रेघ नाही, आणि डोळा डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल.

मी तिथेच जमिनीवर बसले.

फोन जवळ होता. मी केला नाही. दिवसभर मी त्या खोलीत होते. स्वयंपाक केला नाही. सेल्वी आली, डोकावली, टाळ्या वाजवल्या, काम करून गेली. धुकं आलं. ती लहान डोकी एकेक करून वाढत होती आणि मी त्या लाल डोळ्याकडे बघत होते. एकदा वाटलं, देवाने ऐकलं. एकदा वाटलं, मी तर मागणं सोडून दिलं होतं, मग ऐकलं कुणाचं. आणि सारखं मनात येत होतं की आता त्याला यावं लागणार. द्वादशीला माझा मुलगा गावी येणार, धाबळी नेसून पाटावर बसणार. महिनाभर या एकाच चित्रासाठी मी जप केला होता, आणि आता ते चित्र डोळ्यांपुढे आलं तर त्यातला त्याचा चेहरा मला दिसेना.

तो चारच्या सुमारास आला. मला खोलीत बसलेलं बघून बूट न काढताच धावत आला.

"फुटली?"

"बघ."

तो वाकला. एकेक बघत गेला, तोंडाने मोजत. कडेच्याशी आला आणि मोजणं थांबलं. मग जमिनीवर बसला आणि लहानपणी हसायचा तसा हसायला लागला.

"आई, अगं हे बघ. हे बघ काय आलंय. म्हणजे नराकडे पण चवळी आहे. तीन पिढ्या कोणाला दिसली नाही. त्या मंगळूरवाल्याला पत्ता नाही. दोघांकडे असली तर चारात एखादं निघतं, आणि हे बघ, निघालं. मी शपथेवर सांगितलं असतं की याच्याकडे नाही म्हणून. मी तर..."

तो माझ्याकडे वळला होता. तेव्हा त्याला आठवलं.

मी ते बघितलं. हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून निघून गेलं. त्याने पँटला हात पुसले, पुसायला काही नव्हतं तरी.

"द्वादशी कितीला येतेय?" त्याने विचारलं. दवाखान्याची वेळ विचारतात तसं.

"अवधूत, राहू दे."

"शब्द दिला होता मी."

"शब्द कुठला तो. तुला नाही म्हणायचं होतं."

पेटीची तार बारीक आवाज करत होती.

"तुला कळलं होतं?"

"उडीद निवडायला बसले होते त्या दिवशी. मांडून बघितलं."

"कधी?"

"आषाढात."

"मग अळणी कशाला खात राहिलीस इतके दिवस?"

"मीठ मागितलं असतं तर तू विचारलं असतंस."

त्याने मान खाली घातली. त्याच्या मानेवर केस पांढरे झालेले मला दिसले, यांचे त्याच वयात झाले होते. त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा असं मला वाटत होतं. फिरवला असता तर तो आला असता. तेवढ्यासाठी मी हात मांडीवरच ठेवला.

"दिगंबर करील," मी म्हटलं. "वर्षभर त्यानेच केलंय. कोणी म्हटलं म्हणून पाटावर बसायचं नसतं रे. बाबांनाही ते चालणार नाही."

मी वाट बघत होते. आता सांगायला हरकत नाही, मला वाटत होतं तो म्हणेल, नाही आई, येतो मी.

"बरं," तो म्हणाला.

आणि पेटीकडे वळला. खांदे सैल झाले त्याचे, ते पाठीमागूनही कळलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भात लावला.

आठ दिवसांनी त्याने मला कोइमतूरहून गाडीत बसवलं. डबा दिला, पाण्याच्या बाटल्या दिल्या, समोरच्या बाकावरच्या बाईंना माझ्याकडे लक्ष ठेवा म्हणून हिंदीत सांगितलं. गाडी हलली तेव्हा खिडकीला धरून चार पावलं चालला. काही म्हणायचं होतं की नुसताच चालला, मला कळलं नाही.

द्वादशीला दिगंबरने सगळं नीट केलं. ब्राह्मण आले, पानं मांडली. पिंडांची तयारी झाली आणि मी माजघराच्या दारात उभी होते तेव्हा फोन वाजला. दिगंबरच्या बायकोने डोळ्यांनी खुणावलं, आता नको. पण नाव बघून मी घेतला.

"आई, त्या केशरीने खाल्लं."

"हो का?"

"इतके दिवस तोंड लावत नव्हतं. बाकीची कधीच खायला लागली. मला वाटलं जातंय हे. आज सकाळी खाल्लं."

"बरं झालं."

"काय करतेयस?"

"उभी आहे. माजघरात."

तो पुढे बोलला नाही. मीही बोलले नाही. आत गुरुजींनी गोत्र उच्चारलं, मग यांचं नाव, मग यांच्या वडिलांचं. माझ्या हातातला फोन चालूच होता. पलीकडे कुठेतरी कारखान्याचं यंत्र घरघरत होतं, मग दार लावल्यासारखा आवाज आला आणि घरघर बंद झाली. मी फोन कानापासून काढून हातात धरला, आतल्या बाजूला तोंड करून. तर्पण संपलं, दिगंबर नमस्कार करून उठला, तेव्हा फोनमधून बारीक आवाज आला, "ठेवतो आई," आणि बंद झाला.

याला आता बरीच वर्षं झाली. अवधूत गावी आलेला नाही. मी पुन्हा विचारलेलं नाही. तिथी काही तारखेसारखी जागेवर राहत नाही, कधी सप्टेंबर लागता लागता येते, कधी पार संपताना. अधिक महिना आला त्या वर्षी तर इतकी पुढे गेली की दिगंबरलाही आठवण करून द्यावी लागली. अवधूतला कोणी आठवण करून देत नाही. त्याच दिवशी, पानं मांडायच्या सुमाराला त्याचा फोन येतो. कुठल्या मादीने अंडी घातली, कुठल्या जोडीतून कसला रंग निघेल, ते सांगतो. वडिलांचं नाव काढत नाही. मग आम्ही दोघंही बोलायचे थांबतो, आणि आतला गुरुजींचा आवाज थांबेपर्यंत तो फोन ठेवत नाही.